तो पिक्चर तू निवडला नव्हतास

तेराव्याला तळमजल्यावरच्या जोशीबाई आल्या होत्या. तुझ्या फोटोला फूल वाहिलं, मंगलच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "काका, वहिनी फार गरीब स्वभावाच्या हो. त्या पिक्चरचं आम्ही कुणीच मनात ठेवलं नव्हतं. कधीच माफ केलं होतं त्यांना."

मी म्हणालो, "हो."

एवढंच बोललो. जो पिक्चर तू निवडला नव्हतास, त्याच्याबद्दल लोकांनी तुला माफ केलं आणि मी तुझ्या फोटोखाली बसून 'हो' म्हणालो.

आपली मंगल बाजूलाच ताट घेऊन उभी होती. पाहुणे गेल्यावर तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आबा, आई गेली. आता तरी?"

"आता तरी काय?"

"आता तरी खरं बोला की."

मी म्हणालो, "जेवून घे." दुसऱ्या दिवशी ती ठाण्याला सासरी गेली. पाया पडली, पण बोलली नाही. पोर माझी, पण अबोला अगदी तुझा.

म्हणून हे लिहायला बसलो. मी तिसरी शिकलेला. एक पान लिहायला मला एक सकाळ लागते. सोसायटीच्या गणपतीच्या पुस्तकात दरवर्षी गेलेल्या माणसांवर कुणी ना कुणी लिहितं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही चार ओळी सांगा. प्रेमळ, सोशिक, धर्मपरायण, ते सगळं आम्ही घालतो." मी म्हटलं, काही घालू नका. धर्मपरायण ती नव्हती. सोशिक होती, ती माझ्यामुळे. मीच लिहितो, आणि त्यातला शब्द बदलायचा नाही. बोलणार तुझ्याशीच. बाकीच्यांनी ऐकायचं तर ऐकावं.

आपण वाशीला आलो तेव्हाचं तुला आठवत असेल. दोन बिल्डिंगी, चोवीस घरं, मधे चिखल. पलीकडे खाडीची झाडं आणि त्यात कोल्हे. मंगल सात वर्षांची, माझी आई सत्तरीची. आईला रस्ता ओलांडायची भीती वाटायची, आणि इथे तर ओलांडायला गाडीच नव्हती. आई म्हणायची, "इथं माणसं कवा येनार?" पिक्चर बघायचा तर पोरं घेऊन बसने खाडीपूल ओलांडून चेंबूर गाठायचं. बायकांनी तर पिक्चरचं नावच सोडून दिलं होतं.

मी तेव्हा ग्रँट रोडला एका ऑफिसात शिपाई. ते ऑफिस गणपती मंडळांना, शाळांना, कारखान्यांना पिक्चरची छोटी रिळं भाड्याने द्यायचं. मी डबे पुसायचो, परत आलेली रिळं उलटी गुंडाळून ठेवायचो, तुटलेली जागा चिकटवायचो. गिऱ्हाइकाला दाखवायला पिक्चर लावला की भिंतीला टेकून उभ्याने बघायचो. हे सोसायटीत कुणाला तरी कळलं. पहिल्याच गणपतीला चेअरमन घरी आले. म्हणाले, "जाधवकाका, एक छानसा फॅमिली पिक्चर आणा. लहानथोर सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखा."

मला वाटलं, त्यात काय, आणू. चेअरमन गेले आणि तू हसायला लागलीस.

"का हसतेस?"

"अहो, सोपं वाटतंय होय तुम्हाला? पोरांना आवडतं ते मोठ्यांना पोरकट वाटतं. मोठ्यांचं असलं की पोरं झोपतात. दोघांना चालेल असा पिक्चर म्हणजे आईंना तिखट लागतं, मंगलला सोसत नाही, आणि भाजी एकच."

"मग तू काय करतेस?"

"मिरची अख्खी टाकते. ज्याला पाहिजे त्याने चावावी. पोरीच्या दाताखाली आली नाही म्हणजे झालं."

तेवढ्या बोलण्यात तू मला फॅमिली पिक्चर शिकवलास. मी ग्रँट रोडला वीस वर्षं पिक्चर बघत होतो, मला ते कळलं नव्हतं.

ऑफिसात गाण्यांच्या जुन्या चोपड्यांचा गठ्ठा पडलेला असायचा. पहिल्या पानावर पिक्चरची गोष्ट, आणि नेमकी मोक्याच्या जागी तोडलेली. पुढचं पडद्यावर बघा म्हणे. त्या चोपड्या मी पिशवीत घालून आणायचो. तू सातवी पास. तू वाचायचीस आणि पुढचं मला विचारायचीस.

मी सांगायचो, "मग तो येतो. मारामारी होते. मग ती रडते. मग संपतं."

"अहो, तुम्ही पिक्चर सांगताय की पोलिसात तक्रार लिहून देताय?"

मग तू खोदून खोदून विचारायचीस. ती रडते तेव्हा पोर कुठे असतं? म्हातारा कुणाच्या बाजूने बोलतो? सगळं काढून घेतलंस की संध्याकाळी स्टोपुढे बसून भाकऱ्या थापताना तीच गोष्ट तू आईला आणि मंगलला सांगायचीस. आई सूप घेऊन तांदूळ निवडत असायची, मंगल जेवत असायची. त्यांना वाटायचं, तू वेळ घालवायला गोष्ट सांगतेस. तू मात्र दोन हात बघत असायचीस. आईचा सुपातला आणि मंगलचा ताटातला. एकीचाच हात थांबला तर पिक्चर नापास. दोघींचे वेगवेगळ्या जागी थांबले तर बरा. दोघींचे एकदम थांबले की तू तव्यावरची भाकरी उलटायचीस आणि माझ्याकडे न बघता म्हणायचीस, "हा आणा."

एकदा राक्षसांचा एक पिक्चर होता. मंगलचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "बघ, थांबली." तू म्हणालीस, "भीतीने थांबली. तो हात धरायचा नाही."

पहिल्या वर्षी तू पास केलास तो दोन भांडखोर व्याह्यांचा. एकाच बैलगाडीतून लग्नाला निघतात आणि बैल अर्ध्या वाटेत बसतो. पोरं बैल बसला की हसत होती. मोठी माणसं हसता हसता मधेच गप्प होत होती, कारण मुलीचा बाप मानपानाचं ऐकून घेत असतो तेव्हा तो बैलाच्याच कानात बोलतो. अख्खी मिरची. दुसऱ्या वर्षी दीपगृहावरच्या बापलेकीचा. शेजारच्या भाटियांच्या आजींना मराठी येत नव्हतं, हिंदीही धड नाही, त्यासुद्धा पदराने डोळे पुसत होत्या आणि त्यांचा नातू मांडीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दोन बिल्डिंगींच्या मधे चादरी शिवून पडदा बांधायचे. ह्या बाजूला सोसायटी, आणि पडद्याच्या उलट्या बाजूला वाशीगावातली माणसं येऊन बसायची. त्यांना सगळं डाव्याचं उजवं दिसायचं, पण ती कधी उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांतलीच पार्वतीबाय मासळी घेऊन दारात आली आणि टोपली उतरवायच्या आधी म्हणाली, "बाय, कोन आनतं गो ह्यो पिक्चर? माजे नातीला बी आवरला न मना बी आवरला."

तू म्हणालीस, "आमचे हे आणतात."

मी आत दाढी करत होतो. ऐकलं. बाहेर येऊन एक वाक्य बोलायला काय लागत होतं? पार्वतीबाय, मी नुसता डबा आणतो, निवडते ही. गालाला साबण होता म्हणून आलो नाही, असं मी मनाला सांगितलं.

पुढे सवय झाली. दरवर्षी आरतीनंतर माईकवर सांगायचे, "आजचा पिक्चर, जाधवकाकांची निवड!" टाळ्या व्हायच्या. मी उठून हात जोडायचो. तू मधल्या रांगेत असायचीस. पोरं सगळ्यात पुढे, पुरुष खुर्च्यांवर मागे, मधे बायका. तू पडद्याकडे कमी आणि आयांच्या तोंडाकडे जास्त बघायचीस. मी विचारलं होतं एकदा. म्हणालीस, "आई पोराकडे न बघता पिक्चर बघायला लागली, की समजायचं आपलं जमलं. तिला तेवढीच सुट्टी असते."

पाच वर्षं अशी गेली. आता सहावं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन हसत हसत म्हणाले, "काका, आमच्या हिच्याकडून कळलं. पिक्चर म्हणे वहिनी पास करतात. घरातच सेन्सॉर बोर्ड!" सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "मग काका काय, नुसते हमाल?"

माझा बाप दाणाबंदरात हमाल होता. बोलणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पण मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. घरी आलो तो ठरवूनच आलो, यंदा मी निवडणार. डाकूंचा पिक्चर घेतला. घोडे, बंदुका, नवीन रिळं, सगळी मंडळं मागत होती. तुला सांगायचा नाही असा विचार होता, पण चोपडी पिशवीत राहिली आणि तू पिशवी रिकामी करताना वाचलीस. वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलंस. लिहिलं होतं, 'नायिकेवर आभाळ कोसळतं.'

"आभाळ कोसळतं म्हणजे काय हो? तुम्ही बघितलाय ना?"

बघितला होता. मला माहीत होतं त्या बाईचं काय करतात ते.

"असतं काहीतरी. मिनिटभराचं."

"मिनिटभराचं पोरांना वर्षभर पुरतं. नको हा."

"ठरलंय आता."

"मग तेवढा भाग काढून लावा. तुम्हाला चिकटवता येतं की. कुणाला कळणार पण नाही."

तू वाट पण काढून दिली होतीस. दहा मिनिटांचं काम होतं, माझ्या हातचं, माझ्या रोजच्या कामातलं. मी काय म्हणालो ते लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "तू भाकऱ्या थाप. स्टोपुढे बसून पिक्चर कळत नसतात."

आईने सुपातून मान वर केली होती. तू बोट काढून घेतलंस.

तिसऱ्या रिळात तो प्रसंग आला. मी भिंतीला टेकून बघितला तेव्हा मिनिटभराचा वाटला होता. पुढे सतरंजीवर सगळ्या सोसायटीची पोरं बसलेली असताना तो संपेचना. बायका उठून पुढे धावल्या, पोरांच्या डोळ्यांवर पदर धरायला लागल्या. एका लहान पोराने मोठ्याने विचारलं, "आई, त्या काकूला का मारतायत?" जोशीबाईंची चित्रा चौदा वर्षांची होती, ती उठून चालायला लागली, तर मागच्या पोरांनी शिट्टी मारली. ऑपरेटरने घाबरून भिंगापुढे पुठ्ठा धरला. पडदा काळा झाला, पण आवाज चालूच राहिला. ते जास्त वाईट झालं. काळ्या पडद्यावर ती बाई नुसती ओरडत होती.

मग दिवे लावले. चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, काय आणलंत हे? फॅमिली पिक्चर ना?"

पाच वर्षं पिक्चर तुझे होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. एक माझा होता, तो तुझ्या माथी मारला. मी म्हणालो, "मला काय विचारता? मी नुसता हमाल. घरातून पास झाला तो आणला. हिला विचारा."

सगळी तोंडं तुझ्याकडे वळली. मंगल तुझ्या शेजारी होती, बारा वर्षांची. तिचं तोंड उघडलं होतं, तू तिच्या गुडघ्यावर हात दाबलास. मला वाटलं, आता बोलशील. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. तू बोलली असतीस तर मी खोटा पडलो असतो आणि सुटलो असतो.

तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चुकलं माझं. नीट वाचलं नाही मी." मग चादर घडी केलीस, आईला हाताला धरलंस आणि वर गेलीस.

मी वर आलो तर ताट वाढलेलं होतं. आमटीत मीठसुद्धा बरोबर होतं. आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी जेवलो.

आठ दिवस मी तुझ्याशी भांडण काढायला बघत होतो. चहा गार आहे, सदऱ्याचं बटण तुटलंय. तू चहा गरम करून द्यायचीस, बटण लावून द्यायचीस. शेवटी मीच म्हणालो, "बोल की काहीतरी."

"काय बोलू? तुम्ही बोललात ना."

ते भांडण तिथेच राहिलंय. सात वर्षं झाली. त्याच्या पुढचं वाक्य माझं होतं आणि मी ते बोललो नाही.

पुढच्या वर्षी चोपड्या आणून तुझ्यापुढे ठेवल्या. तू एकही न उघडता गठ्ठा फडताळात ठेवलास. "त्यातलं मला काही कळत नाही," म्हणालीस. टोमणा नव्हता. कांदे संपले म्हणून सांगावं तसं सांगितलंस. मग मी देवादिकांचे पिक्चर आणायला लागलो. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पोरं दुसऱ्या रिळात झोपायची, म्हातारे हात जोडून बसायचे, बायका पोरांना उचलून घरी न्यायच्या. लोक म्हणायचे, काकांची निवड पहिल्यासारखी राहिली नाही. तू त्या दिवशी खाली यायचीच नाहीस. पोटात दुखतंय म्हणायचीस. दरवर्षी गणपतीत तुझं पोट दुखायचं आणि मी दरवर्षी ओव्याची पुडी आणून द्यायचो. असा मी नवरा.

मग व्हिडिओ आला. ज्याने त्याने आपापल्या घरात, दार लावून बघायचं. चादरींचा पडदा गेला. गावातली माणसं यायची बंद झाली. सोसायटीला दहा वर्षं झाली तेव्हा मला शाल आणि नारळ दिला. तू माझ्या शर्टला इस्त्री केलीस. चेअरमन भाषणात म्हणाले, "काकांनी आपल्याला दहा वर्षं सहकुटुंब बघण्यासारखे पिक्चर दाखवले." मग थांबून हसले. "एक वर्ष वहिनींचं सोडून बरं का!"

सगळे हसले. मी पण हसलो. उगाच ओठ हलवले नाहीत, चांगला मोठ्याने हसलो. तू बायकांच्या रांगेत होतीस. तू मान खाली घालून मंगलच्या वेणीची रिबन सोडलीस आणि परत बांधलीस. ती तेव्हा सतरा वर्षांची, वेणीला रिबन नीटच होती.

देवाने मला एक संधी अजून दिली होती. तू जायच्या आधीचा एक रविवार. टीव्हीवर आपला तो व्याह्यांचा पिक्चर लागला. आई आता हयात नव्हती, मंगल सासरी. आपण दोघंच. बैल बसला तशी तू हसलीस, इतकी हसलीस की ठसका लागला. मग मुलीचा बाप बैलाच्या कानात बोलायला लागला तेव्हा तू डोळे पुसलेस. इतक्या वर्षांनी, पाठ असलेला पिक्चर, आणि तू आईच्या जागी आणि मंगलच्या जागी दोन्हीकडे एकटीच बसून बघत होतीस. मग माझ्याकडे वळलीस. तोंडावर काही राग नव्हता. मला वाटलं, आता म्हणावं, तो दुसरा पिक्चर माझा होता, हा तुझा होता, सगळे चांगले तुझेच होते.

मी म्हणालो, "चहा टाक."

तू उठलीस. तुझ्या हातचा त्यानंतर किती दिवस चहा मिळाला, ते मी आता आठवत बसत नाही.

मंगल ठाण्याला गेल्यावर दोन दिवस मी खाटेवर बसून होतो. तिसऱ्या दिवशी जिना उतरून जोशीबाईंच्या दारात गेलो. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "या काका, बसा." मी बसलो नाही. बसलो असतो तर दुसरंच बोललो असतो.

"तो पिक्चर तिने निवडला नव्हता. मी निवडला. ती नको म्हणत होती. तेवढा भाग काढून लावा म्हणाली, ते पण मी ऐकलं नाही. आणि मग खोटं बोललो."

"काय सांगताय काका?"

"खरं सांगतोय. बाकीचे सगळे तिचे होते. तेवढा एक माझा."

"पण मग…" त्यांनी मेथी बाजूला ठेवली. "मग दुसऱ्या दिवशी त्या आल्या होत्या, ते काय होतं?"

"कोण आली होती?"

"वहिनी. तुम्ही ऑफिसला गेल्यावर. सगळ्या घरी जाऊन आल्या त्या, दोन्ही बिल्डिंगीत. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं.

"आमच्या चित्राला जवळ घेतलं. म्हणाल्या, बाळ, तू उठून गेलीस ते बरोबर केलंस, चूक माझी होती. आणि मला म्हणाल्या, ह्यांना कुणी बोलू नका हो. ते इतक्या लांबून डबे उचलून आणतात, त्यांचा काय दोष." जोशीबाईंनी उंबऱ्याकडे बघितलं. "आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, तुम्हाला पण मुलगी आहे ना, लाज नाही वाटली? दारातच म्हणाले. आत या पण म्हटलं नाही. त्या वर्षी हळदीकुंकवाला बोलावलं नाही मी त्यांना."

"तेराव्याला मोठ्या मनाने माफ केलं म्हणून सांगून आले," जोशीबाई म्हणाल्या. "काका, आता मी कुणाची माफी मागू?"

ह्याचं उत्तर तुला आलं असतं.

आपलं घर सोडून तेवीस दारं. तू त्या दिवशी तेवीस दारांत उभी राहिलीस, तेवीस वेळा माझं खोटं तुझ्या तोंडाने खरं करून आलीस, आणि संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा विचारलंस, "आज बसला गर्दी होती का?" मी तुला गप्प बसलेली बाई समजत होतो. मला वाटत होतं, तू माझ्यावर रागाने गप्प आहेस. तू माझं तोंड सोसायटीत वर राहावं म्हणून आधी सगळ्यांशी बोलून आली होतीस आणि मग गप्प बसली होतीस. मला हे कळलं असतं तर मी काय केलं असतं? खरं सांगू? तेव्हा कळलं असतं तर सुटलो म्हणालो असतो. मी तसाच होतो.

मग मीही ती तेवीस दारं करायचं ठरवलं. सेक्रेटरींना हे लिहिलेलं दाखवलं. भला माणूस आहे. म्हणाला, "काका, छापून येतंय ना, मग दारोदार कशाला जाताय? गुडघे बघा तुमचे. सोसायटीच्या फळ्यावर लिहू हवं तर." मी म्हटलं, फळ्याला तोंड नसतं. ती तोंडासमोर उभी राहिली होती.

रोज दोन-तीन घरं करतोय. लोक काय काय म्हणतात. "जाऊ द्या हो काका, जुनं झालं." एकजण म्हणाले, "आता सांगून वहिनी परत येणार आहेत का?" चेअरमन म्हणाले, "मला तर तो पिक्चर आठवतही नाही." त्यांना आठवत नाही आणि त्यांच्या विनोदावर मी हसलेलो मला रोज आठवतं. त्यांना पण उभ्याने सगळं सांगितलं. भाटियांच्या सुनेने हात जोडले आणि आतून आजींच्या रडण्याचा आवाज आला. एका घरात पोरगं म्हणालं, "म्हणजे काकूच भारी होत्या!" त्याला म्हटलं, "हो."

काल शेवटचं दार, बी बिल्डिंग, तिसरा मजला. बेल वाजवल्यावर कळलं, जुनी माणसं घर विकून गेली. नवीन बाई, कडेवर पोर, मागे तिची सासू. तुला ओळखत नाहीत, मला ओळखत नाहीत, त्या अंगणात कधी पिक्चर दाखवायचे हेही त्यांना ठाऊक नाही. मी परत फिरणार होतो. पण ह्या दारातही तू उभी राहिली होतीस. मी म्हटलं, "बाई, तुमचं काही काम नाही, माझं आहे," आणि पहिल्यापासून सांगितलं.

तिने मधे तोडलं नाही. झाल्यावर म्हणाली, "काका, नाव काय हो त्यांचं?"

तीस वर्षांच्या संसारात मी तुला 'अगं' म्हणालो, 'ए' म्हणालो, लोकांपुढे 'ही' म्हणालो, 'घरातून' म्हणालो. लग्नात घास देताना एकदा नाव घेतलं होतं, ते पण बहिणींनी मागे लागून घ्यायला लावलं म्हणून. बाई वाट बघत होती.

"शालन," मी म्हटलं. "शालन तिचं नाव. पिक्चर तीच निवडायची."